न पोचलेला पुकारा

नातीच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. घाबरायचं काही कारण नव्हतं. नात जज झाली होती. म्हणजे परीक्षा पास झाली होती, मुंबईला तोंडी परीक्षाही झाली होती आणि यादीत नाव लागलं होतं. पण यादीत नाव लागलं म्हणजे लगेच खुर्ची मिळते असं नाही. मधे डॉक्टर तपासतो, पोलीस घरी येऊन चालचलन विचारतो, कागद हायकोर्टाकडे आणि सरकारकडे फिरतात, मग राज्यपालांच्या नावानं नेमणुकीचा हुकूम निघतो. नातीनं हे मला दहा वेळा समजावलं होतं. मी दहा वेळा "माहीत आहे" म्हटलं होतं, कारण कोर्टातली गोष्ट मला माहीत नाही असं मी कधी कबूल केलेलं नाही.

पोलीस तरुण होता. वही उघडून खुर्चीवर बसला.

"आबाजी, घरात कोणावर केस-गिस?"

"नाई."

"पोरीचं कोणाशी भांडण, काही गडबड?"

"तिले पुस्तकापासून मान वर करायले फुरसत नोती, भांडन कवा करीन?"

तो हसला. "तुम्ही काय करत होते?"

"कोर्टात शिपाई. छत्तीस वर्षं. पुकारा करत होतो."

त्यानं वही मिटली. "मंग तुम्हाले काय विचारू जी? हे तर न्यायाचंच घर आहे." चहा घेतला, मूठभर कोवळे तुरीचे दाणे तोंडात टाकले आणि मोटरसायकलवर बसून गेला.

सून आतून म्हणाली, "झालं वाटते, लवकर उरकलं." हातातली शेंग तशीच राहिली. न्यायाचं घर. त्यानं दुसरी काही शिवी दिली असती तर मला एवढी लागली नसती.

मी चौथी शिकलो. पुढं बापानं बैलामागं लावलं. कोर्टात लागलो तो माझ्या आवाजामुळं. गावच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, मी जोड्यांची नावं पुकारायचो, ते एका बाबूनं ऐकलं आणि म्हणाला, अर्ज कर. तालुक्याच्या कोर्टाचं नाव मी सांगत नाही, तिथं अजून माणसं आहेत. कोर्टाचा व्हरांडा, त्याला दोन पायऱ्या, समोर मोठा कडुलिंब, पलीकडे फाटक आणि फाटकाबाहेर चहाची टपरी. माझा आवाज टपरीपर्यंत जायचा. टपरीवाला म्हणायचा, "तुम्ही आवाज मारला का माह्यं दूध उतू जाते."

पुकाऱ्याची माझी रीत ठरलेली होती. आत बाबू बोर्डावरचा नंबर सांगायचा. मी बाहेर यायचो. पहिला पुकारा व्हरांड्यातल्या माणसांसाठी. मग दोन पायऱ्या उतरून दुसरा, कडुलिंबाकडे तोंड करून, कारण बाया आणि म्हातारे तिथंच बसत. तिसरा फाटकाकडे. नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, गाव आणि शेवटी "हाजर है?" तीनदा पुकारून माणूस आला नाही तर आत जाऊन सांगायचं, "कोणी नाही साहेब." मग साहेब लिहितात. ते काय लिहितात हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. आपण सांगायचं आणि दाराशी येऊन उभं राहायचं.

माझ्यासमोर अकरा जज आले आणि गेले. दर तीन वर्षांनी बदली. कोणी कोल्हापूरकडचा, कोणी जळगावचा. आमच्याकडच्या गावांची नावं त्यांना वाचता यायची नाहीत, मी सांगायचो. मी त्यांना शिकवतो असं वाटून मला भारी चढायची. घरी बायकोला म्हणायचो, "साहेब आज चुकला होता, मी सांभाळलं." ती म्हणायची, "मंग तुमालेच बसवा म्हना खुर्चीवर, मी डबा तिकडंच पाठवत जाईन."

आता ती गोष्ट सांगतो.

बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. एक बाई होती, दोन बस बदलून यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकर आणि कागद. तिचा दावा भावावर होता. बाप गेल्यावर भाऊ तिला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला. वारसाची नोंद करायची आहे म्हणून अंगठा घेतला. तो कागद हक्कसोडाचा निघाला, म्हणजे बापाच्या शेतातला आपला वाटा तिनं भावाला सोडला असा. तो कागद रद्द करा, एवढंच तिचं मागणं होतं. साक्षी व्हायच्या होत्या. गावच्या दोन माणसांनी खरं सांगायचं कबूल केलं होतं. दावा तिच्या बाजूचा आहे हे शिपायालाही कळत होतं.

त्या तारखेच्या आधीचे दोन दिवस आमच्या गावी शंकरपट होता. मंडळानं भोंगा आणला होता. मी म्हटलं, "मी असताना भोंगा कायले पायजे?" दोन दिवस उन्हात, धुळीत ओरडलो. लोक वा वा करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर गळ्यातून फक्त वारा निघत होता.

सुट्टी टाकता आली असती. टाकली नाही. त्याच सुमारास नवीन साहेब आले होते, नेमणूक होऊन महिनाही झाला नव्हता, वय सत्तावीस-अठ्ठावीस. माझ्या आवाजाचं कौतुक त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. मला ते टिकवायचं होतं. दुसरा एक शिपाई होता, माझ्याच वयाचा, आवाज बारीक. त्याला मी चारचौघांत बकरी म्हणायचो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "राजा, तुह्या गळ्यात आज कापूस बसला. मी मारू का आवाज?"

"तू तुह्यं काम कर बे," मी म्हटलं. तेही नीट निघालं नाही.

सकाळचे पुकारे कसेबसे निभले, कारण माणसं व्हरांड्यातच होती. दुपारच्या सुट्टीनंतर त्या बाईचा नंबर आला. तिचा वकील त्या दिवशी वर्ध्याच्या कोर्टात अडकला होता. त्यानं तिला सांगून ठेवलं होतं, नाव पुकारलं की आत जा, साहेबांना सांग, वकीलसाहेब जिल्ह्याला गेले आहेत, तारीख द्या. एवढंच करायचं होतं. त्यासाठी ती सकाळपासून कडुलिंबाखाली बसली होती. सकाळी मी तिला तिथं पाहिलं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण पाहिलं होतं.

मी दाराशी आलो. पायऱ्या उतरलो नाही. उतरलो असतो तर कडुलिंबाखालच्या साऱ्या माणसांनी माझा तो फुसका आवाज ऐकला असता आणि संध्याकाळपर्यंत टपरीवर हसले असते. दारातच उभं राहून मी तीनदा तिचं नाव घेतलं. ते नाव उंबऱ्याच्या पलीकडं गेलं नसेल. बकरी म्हणायचो तो शिपाई बाजूलाच उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी आत जाऊन म्हटलं, "कोणी नाही साहेब."

साहेबांनी लिहिलं. वादी पुकारा करूनही गैरहजर, दावा काढून टाकला.

तासाभरानं ती स्वतःच व्हरांड्यात आली. "भाऊ, माह्या नावाचा पुकारा झाला का जी?"

"झाला ना बाई. कुठं होत्या तुम्ही?"

असं म्हणालो मी. कुठं होत्या तुम्ही. वर पुन्हा तिच्याकडं रागानं पाहिलं, जसं तिनंच माझं काम बिघडवलं होतं.

दावा असा गेला तर महिन्याच्या आत अर्ज करून परत उभा करता येतो, कारण पटलं पाहिजे. तिच्या वकिलानं अर्ज केला. बाई आवारातच होती, तिला पुकारा ऐकू आला नाही, असं त्यात लिहिलं. अर्जावर बोलणं चालू असताना साहेबांनी मला आत बोलावलं. गळा तोवर चांगला झाला होता.

"त्या दिवशी पुकारा केला होता?"

"हो साहेब. तीनदा."

"नेहमीच्या आवाजात?"

मला शपथ दिली नव्हती. मी पिंजऱ्यात उभा नव्हतो, दाराशी उभा होतो. बाई माझ्याकडं पाहत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, तेवढं मला आठवतं.

"हो साहेब. नेहमीच्याच."

आवाज खणखणीत निघाला. त्या आवाजानंच साहेबांची खात्री पटवली असेल. कारण हुकमात असं आलं की, शिपायानं तीन वेळा पुकारा केल्याचं सांगितलं आहे, शिपायाचा पुकारा आवाराबाहेरही ऐकू जातो, बाई आवारात असती तर तिला ऐकू आलाच असता. अर्ज नामंजूर.

त्यानंतर तिची फाईल वर जाऊ लागली आणि ती कुठंकुठं जाते हे मी विचारू लागलो. कोर्ट म्हणजे एक नाही, चढती आहे, हे मला तेव्हा नीट कळलं. आमचं तालुक्याचं कोर्ट सगळ्यात खाली. तिथला साहेब कनिष्ठ स्तर. त्याच्या वर वरिष्ठ स्तर. त्याच्या वर वर्ध्याला जिल्हा न्यायाधीश. त्यांच्या वर हायकोर्ट, ते मुंबईला, पण आपल्याकडच्यांसाठी त्याचं खंडपीठ नागपूरला. आणि साऱ्यांच्या वर दिल्ली. मी एका बाबूला विचारलं होतं, "मंग नागपूरवाले साहेब त्या बाईले बोलवतीन का? मले बोलवतीन का?" तो म्हणाला, "खुळा आहेस का तू? वर माणूस नाई जात, कागद जाते. खालच्यानं जे ऐकलं, पाह्यलं, लिहिलं, त्यावर वरचे पाह्यतेत का बरोबर केलं का नाई."

मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, म्हणजे कोणी विचारणार नाही. आणि लाजही तेव्हाच वाटली. वर्ध्यात अपील गेलं. तिथल्या मोठ्या साहेबांनी खालचा हुकूम वाचला, त्यात शिपायाचा शब्द होता. फेटाळलं. नागपूरला गेलं. तिथंही तोच शब्द कागदावर चढून गेला होता. तिथंही फेटाळलं. तिची फाईल परत आली तेव्हा मीच ती उचलून कपाटात ठेवली. जाड झाली होती. एवढे शिकलेले लोक, एकाहून एक, आणि साऱ्यांच्या तळाशी चौथी पास माणसाचं एक वाक्य.

वकिलानं दिल्लीचं नाव काढलं तेव्हा बाई म्हणाली म्हणे, "तिथले लोक तरी माह्या कानावर भरोसा ठेवतीन काय?" आणि गेली नाही.

मी स्वतःशी भांडत राहिलो. तीनदा पुकारलं हे खोटं होतं का? नव्हतं. तीनदाच पुकारलं होतं. आवाज कमी होता हा काय गुन्हा आहे? तिनं दाराजवळ बसायला पाहिजे होतं. वकिलानं यायला पाहिजे होतं. मी असा वीस वर्षं दावा चालवला, वादी मी, प्रतिवादी मी आणि जजही मीच, म्हणून दर वेळी सुटलो. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, सांगायचं राहून गेलं.

रिटायर झाल्यावर वर्ध्याला लागून सिंदी मेघ्यात पोराकडे आलो. नात तेव्हा लहान होती. घरी पाहुणे आले की पोरगा म्हणायचा, "बाबा, पुकारा करून दाखवा," आणि मी करायचो. पाहुणे टाळ्या वाजवायचे. नात माझ्या बाजेवर बसून विचारायची, "आबाजी, जजले कोन पुकारते?" पुढं वकिली शिकली. आता म्हणे तीन वर्षं वकिली केल्याशिवाय या परीक्षेला बसता येत नाही. तिनं ती केली, वर्ध्याच्या कोर्टात उभी राहून केली. रात्रंदिवस अभ्यास. मी तिला विचारत राहायचो, कारण मलाही आता माहीत करून घ्यायचं होतं.

"खालच्या जजले परीक्षा, मंग नागपूरच्या जजले केवढी मोठी परीक्षा असन?"

"त्याले परीक्षाच नसते आबाजी."

"नसते?"

"हायकोर्टाचे मोठे तीन जज नावं काढतात. वकिलांतून काढतात, जिल्हा न्यायाधीशांतून काढतात. ती नावं दिल्लीच्या मोठ्या जजांकडं जातात. सरकार चौकशी करते. पटलं त मंग राष्ट्रपतीची सही."

"म्हंजे जजच जज निवडते? हे त घरच्याघरीच सोयरीक झाली."

"त्यावरच त साऱ्या देशात भांडन चालू आहे. सरकार म्हनते आमाले विचारा, जज म्हनतात तुमी मधात आले त न्याय कसा राहीन." मग हसून म्हणाली, "तुमचं काय मत आहे? कळवू का दिल्लीले?"

मी म्हटलं, "कळव का शिपाई पन नीट निवडत जा." ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा केली.

तर पोलीस येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नात माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी म्हटलं, "बस." आणि सारं सांगितलं. शंकरपटापासून सांगितलं. पायऱ्या उतरलो नाही तेही सांगितलं. तिनं मधे एकदाच विचारलं, "सकाळी त्या बाईले तुमी झाडाखाली पाह्यलं होतं?"

"पाह्यलं होतं."

चहावर साय धरली. मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ द्या आबाजी, जुनं झालं. लहानपणापासून माझ्या बाजेवर वाढलेली पोर, एवढं तर म्हणेल. ती म्हणाली, "मी ज्या खुर्चीवर बसीन, तिथं दारात तुमच्यासारखाच एक मानूस उभा राहीन. तो सांगन कोनी नाई, आन् मी लिहीन कोनी नाई. दुसरं मी काय करू शकतो, सांगा? मी काय दर वेळी उठून झाडाखाली पाह्यले जाईन?"

मी म्हटलं, "माफ कर बाई."

"मले कायले माफी मागता? माह्यं शेत गेलं का?" आवाज चढवला नाही तिनं. "आता त्याले कोर्टात दार नाई, मुदत कवाचीच गेली. पन ती बाई जिती आहे का?"

"माहीत नाई."

"मंग माहीत करून घ्या," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. वरून मीच तोऱ्यात राहिलो, की आपल्या घरची पोर आपल्याला हुकूम सोडते. तिसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो. पोराला सांगितलं, आर्वीकडं एका ओळखीच्याकडं जातो.

गाव सापडायला वेळ लागला नाही. बाई दारात बसून तांदूळ निवडत होती. केस सारे पांढरे. मी तिला ओळखलं, तिनं मला नाही. मी सांगितलं, कोर्टातला शिपाई. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"पुकाराचे ते?"

"हाव."

"बसा जी भाऊ." पाणी आणून दिलं. "तुमचा आवाज कसा व्हता! कानठळ्या बसत."

मी पाणी प्यायलो नाही. आधी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं. ती ऐकत होती, हात मांडीवर. मग उठून आत गेली. मला वाटलं आता काठी घेऊन येते. ती बिस्किटाचा डबा घेऊन आली. त्यात कागद होते. एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर रेघा होत्या, वर-खाली जाणाऱ्या.

"वाचता येते काय?"

"हे नाई येत."

"मले बी नाई येत. सेवाग्रामच्या दवाखान्यातला आहे. माह्या पोरानं नेलं व्हतं, नागपूरचा निकाल आल्यावर. खोलीत बसवलं, कानाले टोपन लावलं, टुंय टुंय वाजवलं. डाक्टर म्हने, बाई, तुमचे कान तरन्या पोरीचे आहेत." तिनं कागद परत घेतला, घडी घातली. "घरी आली. भावजय म्हने, डाक्टरले काय समजते, तीन कोर्टांनी सांगतलं तुले ऐकू येत नाई. बहिरी म्हनत मले. अजून म्हनतेत. गाईले हाक मारली तरी म्हनतेत, बहिरीले काय समजन. मी बी मंग म्हनू लागली, असन बा. झोप लागली असन. कान बंद झाला असन त्या घडीले. शेत गेलं ते गेलं, पन मी माह्याच कानावर भरोसा ठेवनं सोडलं. कोनी बोलवलं त दोन-दोनदा इचारतो, मलेच बोलावलं ना?"

"तुमाले माह्यावर वहीम नाई आला?"

"तुह्यावर कसा येईन?" आतापर्यंत तुम्ही म्हणत होती, इथं ती 'तू'वर आली. "तुह्या आवाजाचं नाव व्हतं ना. जजचा जेवढा भरोसा तेवढाच माहा. म्हनून त मी खोटी झाली."

मी हात जोडले. म्हटलं, नात म्हणते आता कोर्टात काही होत नाही, पण मी लिहून देतो, तुम्ही म्हणाल तिथं अंगठा-सही करतो.

"अंगठ्याचं नाव नोको काढू माह्यासमोर," ती म्हणाली. मग गल्लीच्या वरच्या टोकाकडं बोट दाखवलं. सात-आठ घरं सोडून भावाचं घर होतं, ओट्याला दोन पायऱ्या. "तिथं जाय. माह्या भावाच्या दारात उभा राह्य. आन् पुकार. त्या दिवशी जसा पुकारला व्हता तसा. मंग तुह्या खऱ्या आवाजात."

"तो आवाज आता राह्यला नाई बाई."

"जेवढा आहे तेवढा."

सात-आठ घरं चालून गेलो. मी ओट्यावर चढलो. भाऊ खाटेवर होता, म्हातारा, भावजय दाराशी. त्यांची दोन मोठी पोरं, समोरच्या पिठाच्या चक्कीवरची माणसं, सारी पाहू लागली. मी कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. भाऊ म्हणाला, "आता काय फायदा? कागद पक्का आहे."

"कागद पक्का आहे," मी म्हटलं. "मी शेतासाठी नाई आलो."

मग मी दाराकडं सरकून उभा राहिलो आणि गळा आवळून, त्या दिवशीसारखं, तिचं नाव तीनदा घेतलं. बापाचं नाव, गाव, हाजर है. चक्कीवाला म्हणाला, "काय म्हनला? मलेच नाई आलं ऐकू." सगळे गल्लीच्या खालच्या टोकाकडं पाहत होते. ती आपल्या दारात तशीच बसून होती, तोंड आमच्याकडं करून. हलली नाही.

मी दोन पायऱ्या उतरलो. गल्लीकडं तोंड केलं. छाती भरून घेतली आणि पुकारलं. आवाज चिरला, मधेच फाटला, पूर्वीचा चौथा हिस्साही नव्हता. पण गेला. ती उठली. साडी झटकली आणि चालू लागली, हळू, कोणाकडं न पाहता, सारी गल्ली मधोमध चालून आली. ओट्यापाशी थांबली. भावजयीकडं पाहून म्हणाली, "आलं ऐकू."

भावजय आत निघून गेली. भाऊ खाटेवर कूस बदलून भिंतीकडं वळला.

"अजून दोन राह्यले," बाई मला म्हणाली. "तीन करा लागतेत ना?"

ती माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी उरलेले दोन पुकारे केले. शेवटच्या वेळी तिच्या बापाचं नाव घेताना मी मधेच थांबलो. तिनं वाट पाहिली, पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "जाय आता. बस सुटन तुही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मग विचारलं नाही. तेवढी लाज मला शिल्लक होती.

नातीचा हुकूम पुढं आला. ट्रेनिंगला निघाली तेव्हा पाया पडली. मी तिला आधीच सगळं सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं होतं, "शेवटी काय म्हनाल्या त्या?" मी म्हटलं, "बस सुटन म्हने." तिनं मान हलवली आणि पिशवी भरत राहिली. पाहुण्यांसमोर पुकारा करून दाखवायचं मी सोडलं आहे. पोरगा म्हणतो, बाबांचा गळा गेला. म्हणू दे.

त्या दिवशी परत येताना बस गावाबाहेर पडली तशी दाव्यातलं ते शेत दिसलं, कागदात होतं तसं सडकेला लागूनच. कंडक्टरला विचारून खात्री केली. कपाशी फुटली होती, बाया वेचत होत्या, भावाच्या घरच्या असतील नाहीतर मजूर. बस अर्धी रिकामी होती, पलीकडच्या बाजूलाही जागा होती. मी उठलो नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो आणि शेत संपेपर्यंत पाहत राहिलो. बरंच लांब होतं.